डाव्यावरून करू नकोस

लाल रेशमाचा धागा उलगडत न्यायचा. त्यातून आणखी बारीक, त्यातून आणखी बारीक, शेवटी असं काहीतरी हातात उरतं की श्वास सोडला तर उडून जाईल. कामाचं तेवढंच.

*

बस मागे घेताना ड्रायव्हरला हल्ली मान जरा जास्त वळवावी लागते. बाकी काही फरक नाही, असं तो सांगतो. प्रवाशांना सांगत नाही.

*

"नवीन आहे. आत काहीतरी हलल्यासारखं वाटणारच. हात लावू नका. आपोआप थांबतं."

*

पारदर्शक प्लास्टिक घासताना पाणी सोडत राहायचं. नाहीतर ते तापतं, दुधाळ होतं, आणि मग कितीही घासा.

*

माशीला उजेड आवडतो. माशीच्या अळीला आवडत नाही.

*

म्हातारपणी बुबुळाभोवती करड्या रंगाचं एक कडं येतं. त्याचा त्रास काही नसतो. रोज आरशात बघणाऱ्यालाही ते आल्याचं कळत नाही.

*

बाबांना एकच डोळा आहे, उजवा.

डावा लहानपणी गलोलीच्या खड्याने गेला. पुढे ते खोटे डोळे करायला शिकले, आणि शिकून झाल्यावर पहिला डोळा त्यांनी स्वतःसाठी केला: आरशासमोर बसून, उजव्याकडे उजव्यानेच बघत. तोच अजून त्यांच्या डाव्या खोबणीत आहे. मधूनमधून काढून चकाकी दिली की झालं.

मग जन्मभर इतरांना करून दिले. बघणारे नव्हेत, बघण्यासारखे. माणसाला खिडकीशी बसवायचं, त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बुबुळ रंगवायचं, पांढऱ्या भागावर शिरांसाठी लाल रेशमाचे ते धागे चिकटवायचे, वर पारदर्शक थर चढवायचा. आणि डोळा बसवून झाला की ते वाक्य म्हणायचं. आत काहीतरी हलल्यासारखं वाटणारच. हात लावू नका. वाक्य बाबांचंच. हात लावणाऱ्यांच्या खोबणी सुजतात हे बघूनबघून ते तयार झालं होतं. एकदा बसवलेली वस्तू पुन्हा दाखवायला येईपर्यंत काढायची नाही, हा त्या कारखान्यातला पहिला नियम.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी. तिथे आता त्यांची मुलगी बसते. घरात तिला धाकटी म्हणतात. थोरला, म्हणजे दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. डोळ्यांच्या बाबतीत त्याचं म्हणणं एवढंच की त्याला दोन पुरेत.

*

झटका आला तेव्हा बाबांचा चेहरा उजवीकडचा गेला आणि हातपाय डावीकडचे. डॉक्टर म्हणाले, असंही होतं.

"तिरका मारलाय," बाबा म्हणाले. हे त्यांचं झटक्यानंतरचं पहिलं वाक्य. अर्ध्या तोंडाने म्हटलेलं, त्यामुळे दोनदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना विनोद थोडा शिळा झाल्याचं त्यांना वाईट वाटलं.

उजवा डोळा मिटेनासा झाला. खालची पापणी ओघळली, कोपऱ्याला एक छोटी जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी मलम दिलं. झोपताना झाकून ठेवा, सकाळी झाकण काढून डोळा पुसून घ्या, असं सांगितलं.

बाबांचा पलंग कारखान्यातच आणला, खिडकीशी. पडल्यापडल्या ते कामावर लक्ष ठेवायचे.

"तो पांढरा फार पांढरा झाला, धाकटे. माणूस आहे तो. बाथरूमची फरशी नाही."

*

दुकानात मिळणारी झाकणं धाकटीला पसंत पडली नाहीत. तिने बाबांच्या भुवईचं, गालाच्या हाडाचं माप घेतलं आणि पारदर्शक प्लास्टिकची एक वाटी केली. इतकी हलकी आणि इतकी अचूक की कडेला कागद सरकला नसता. भोवतीने चिकटपट्टी लावली. बाबांनी तिच्यातून खिडकी बघितली, रस्ता बघितला, समोरच्या घराचं वाळत घातलेलं कापड बघितलं.

"काम झालंय," ते म्हणाले. त्या खोलीत याहून मोठी शाबासकी दिली जात नाही.

वाटी इतकी छान बसली होती की ती सकाळी काढायचं कुणाला सुचलंच नाही. रात्रीपुरती लावायची ती दिवसाही राहिली. बसवलेली वस्तू होती.

*

"धाकटे, हलतंय काहीतरी."

"कुठे?"

"डोळ्यात."

धाकटी बुबुळ रंगवत होती. मान वर न करता तिने बाबांच्याच आवाजात, बाबांच्याच ठेक्यात सुरुवात केली: "नवीन आहे. आत काहीतरी हलल्यासारखं वाटणारच."

बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसले आणि पुढचं त्यांनीच म्हटलं: "हात लावू नका."

आणि लावला नाही. उजवा हात चांगला चालत होता, पण तो त्यांनी मांडीखाली घालून ठेवला. गिऱ्हाइकांना ते हेच करायला सांगायचे.

*

दुसऱ्या दिवशी: "टोचतंय."

"थांबेल."

त्याच्या दुसऱ्या दिवशी: "धुकं आहे बाहेर?"

"मलम आहे ते, बाबा. वाटीला आतून लागलंय."

दादा सकाळी कामावर जाण्याआधी त्यांचं तोंड पुसायचा. वाटीच्या भोवतीने पुसायचा, एखाद्या बटणाच्या भोवतीने पुसावं तसं.

*

मग ड्रायव्हर आला. त्याला काही दिवसांपूर्वी नवा डोळा बसवला होता आणि तेव्हा त्याने अर्धा तास तक्रार केली होती की आत काहीतरी चालतंय.

"थांबलं की हो," तो दारातूनच म्हणाला. "तुम्ही म्हणालात तसंच. परवापासून एकदम गार. डोळा आहे की नाही तेच कळत नाही. काय मास्तर, कसं काय?"

बाबा दात दाबून पडले होते. हात अजून मांडीखालीच होता.

धाकटीच्या हातातला ब्रश खाली गेला. ड्रायव्हरचं थांबलं होतं. बाबांचं वाढलं होतं.

तिने चिकटपट्टी उचलली. वाटी उचलली. आतून वास आला. मलमाखाली, पापणीच्या कडेला, तिला एक पांढरा धागा दिसला. कापसाचा असेल, तिला वाटलं. पांढरा धागा आपण वापरतच नाही, असंही वाटलं. तिने रेशमाचे धागे धरायचा बारीक चिमटा घेतला आणि धाग्याचं टोक धरायला गेली.

धागा आत गेला.

*

"एकच नाहीये," ड्रायव्हर तिच्या खांद्यावरून म्हणाला, आणि मग ज्याने रोज एवढं ट्रॅफिक बघितलं तो माणूस बाहेर पायरीवर जाऊन बसला. तिथूनच ओरडून त्याने टॅक्सी थांबवली.

*

टॅक्सीत. दादा थेट कामावरून आलेला, हाताला ग्रीस.

"किडे?"

"अळ्या."

"डोळ्यात?"

"हो."

"दिवसभर लोकांचे डोळे रंगवतेस. काचेतून बघून बघून रंगवतेस. आणि घरात एक होता, एक, तो बघता आला नाही तुला?"

"दादा, हळू बोल."

"हळू काय हळू! त्यांना ऐकू येतंय, तेवढं तरी शिल्लक आहे अजून."

"मी इथेच आहे," बाबा मधूनच म्हणाले. "दोघांच्या मध्ये. कोपर काढ रे."

दादाने कोपर काढलं.

*

धाकटी बाबांच्या तोंडाकडे बघत बसली होती. उजव्या डोळ्यावर ओलं फडकं होतं. डावा उघडा होता, कायमच उघडा, टॅक्सीच्या छताकडे लागलेला.

तपकिरी. मधे थोडा मधासारखा. बाहेरच्या कडेला गडद, पण काळा नाही, काळा घातला तर मरतो. खालच्या बाजूला एक ठिपका. तो ठिपका आधी द्यायचा, मग त्यावरून

ती थांबली.

ती सॅम्पल बघत होती. डोळा काढावा लागला तर करायचा कशावरून, याचा हिशेब तिच्या हातांनी तिला न विचारता सुरू केला होता. जगात सगळीकडे खरा बघून खोटा करतात. तिला खोटा बघून खरा करावा लागणार होता. आणि तो करून दिल्यावर बाबांना तो कसा झालाय हे दाखवायला काही उरणार नव्हतं.

तिने तोंड फिरवलं. बाहेर एक बाई दुकानाचं शटर खाली ओढत होती, ते अर्ध्यात अडकलं होतं.

*

डोळ्यांची डॉक्टर उंच होती, आवाज खणखणीत. मोठ्या दिव्याखाली तिने पापणी वर केली आणि लगेच उजेड कमी केला.

"उजेड दाखवला की आत पळतात. त्यांना नाही आवडत." मग दादाकडे वळून: "घरात माश्या आहेत?"

"असतात की एखाद-दुसरी. कुणाच्या घरात नसतात?"

"एखादीच पुरते. मिटता न येणारा डोळा, कोपऱ्यात जखम, वारायला हात नाही. माशी बसून अंडी घालून गेली असणार. झाकण त्यानंतर लावलेलं दिसतंय."

बाबांनी धाकटी उभी होती त्या दिशेला मान वळवली. धाकटी भिंतीकडे बघत होती.

"हात आहे," बाबा म्हणाले. "लावला नाही."

"का?"

बाबांना ते सांगायचं होतं. पण लांबलचक होतं आणि अर्ध्या तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

"आमच्या घरची पद्धत आहे," धाकटी म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं आणि ते तसंच सोडून दिलं. "हे बघा. पापणीच्या आत आहेत त्या मी काढीन. प्रश्न मागे किती गेल्यात हा आहे. डोळ्याच्या मागच्या बाजूला शिरल्या असतील तर डोळा ठेवता येणार नाही. पसरत जातात. आधी स्कॅन करू."

"त्यांना एकच आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो अगदी लहान झाला होता. "डॉक्टर, दुसरा खोटा आहे. हा एकच आहे."

"कळलं," डॉक्टर म्हणाली.

*

स्कॅनच्या खोलीबाहेर बाक.

दादा. धाकटी. मधे बाबांच्या चपला, ज्या घालून ते चालत नाहीत पण ज्या बरोबर घ्यायची दादाला सवय आहे.

"मला वास आला होता," दादा म्हणाला.

"काय?"

"कालच. तोंड पुसताना. मलमाचा असेल म्हटलं. तुला सांगणार होतो, लिफ्ट अडकल्याचा फोन आला."

धाकटीने चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि ती बाकावर त्याच्याजवळ सरकली. त्याने हाताने तिचा गाल पुसला.

"तुझ्या हाताला ग्रीस आहे," ती म्हणाली.

"तुझ्याही तोंडाला आहे आता."

*

मागे नव्हत्या.

डॉक्टर बाहेर येऊन तेवढंच म्हणाली. मग या दोघांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना म्हणून पुन्हा म्हणाली, "मागे नाहीत. पापणीत आहेत, कोपऱ्याच्या जखमेत आहेत, बुबुळावर थोडं खरचटलंय. बस. डोळा शाबूत आहे."

दादाचा जीव भांड्यात पडला, आणि त्याबरोबर तो स्वतःही खाली बसला, बाक जिथे नव्हता तिथे.

*

सुन्न करणारे थेंब. मग जाड मलमाचा थर.

"हे कशाला?" बाबा.

"त्यांचा श्वास कोंडतो. नाक मागच्या टोकाला असतं त्यांचं. मग श्वास घ्यायला मागच्या बाजूने वर येतात, आणि मी पकडते."

"म्हणजे पाठ करून श्वास घेतात."

"तसंच."

"आमचे एक साडू होते तसे."

"हसू नका. हलतंय."

"ते तर मी कधीपासून सांगतोय."

धाकटीने त्यांचा उजवा हात धरून ठेवला होता. चिमटा यायचा, जायचा, आणि प्रत्येक वेळी बाजूच्या ताटलीत टप् असा आवाज व्हायचा. पहिल्या आवाजाला तिने डोळे मिटले. मग सवय झाली. मग ती पुढच्या आवाजाची वाट बघू लागली, कारण प्रत्येक टप् म्हणजे बाबांच्या डोळ्यातून एक कमी. एका वेळी तर चिमटा आला आणि रिकामा गेला, तेव्हा तिची घोर निराशा झाली.

"त्याच्या शेजारी," ती न राहवून म्हणाली.

"दिसतेय मला," डॉक्टर म्हणाली, आणि टप्.

*

डोळा धुतला. पुन्हा उजेड. वरची पापणी उलटून, खालची ओढून. पुन्हा एकदा. कोपऱ्यातली जखम आता नुसती जखम होती.

"उद्या परत बघू," डॉक्टर म्हणाली. "एखादी लपलेली निघते. गोळ्याही देते. आता हे बघा, माझी बोटं किती?"

बाबा बघत होते. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते थांबवायला पापणी नव्हती. ते बोटांकडे बघत नव्हते.

"बाबा, बोटं," दादा म्हणाला.

"धाकटे," बाबा म्हणाले, "तुझ्या नखात तपकिरी राहिलाय. काम सोडून उठताना हात धुवावेत."

धाकटीने नख बघितलं. अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यात, केसाएवढा.

डॉक्टरने बोटं खाली घेतली. "चालेल," ती म्हणाली. "असंही चालतं."

दादा हसला. मग ते हसू भलत्याच दिशेला जायला लागलं म्हणून तो बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला, ग्रीससकट.

*

निघताना बाबांनी ताटली मागितली. दाखवू नये असं नर्सला वाटत होतं. डॉक्टर म्हणाली, भाडेकरू त्यांचे आहेत, बघू द्या.

बाबांनी बराच वेळ बघितल्या.

"पांढरा चांगला आहे," ते म्हणाले. "फार पांढरा नाही."

*

परतीची टॅक्सी. या वेळी दादा पुढे बसला होता आणि त्याला झोप लागली होती. मान डुलत होती.

"येताना सॅम्पल बघत होतीस ना?"

धाकटी नखातला तपकिरी खरवडायला लागली.

"डावा तुझ्याकडे होता. कळतं मला. त्याने दिसत नसलं म्हणून काय झालं."

"बाबा, मी मुद्दाम नाही—"

"मीही बघितलं असतं. हातच तसे आहेत आपले." ते दमले होते, एकेक शब्द उचलून ठेवत होते. "पण डाव्यावरून करू नकोस. तो तरुण आहे."

तिने डाव्याकडे बघितलं. मग उजव्याकडे, जो लाल होता, सुजला होता आणि तिच्याकडे बघत होता. उजव्याच्या बुबुळाभोवती करड्या रंगाचं कडं होतं. डाव्याला नव्हतं. इतकी वर्षं ती डावा काढून घासून परत बसवत होती आणि हे तिने बघितलं नव्हतं.

"एवढं वय झालं की तुमचं," ती म्हणाली.

"त्याचं नाही झालं," बाबा म्हणाले. "त्याला काय, त्याला काही बघावं लागत नाही."

*

दुसऱ्या दिवशी खरंच एक निघाली. त्यानंतर निघाली नाही. डॉक्टरने वरची आणि खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी थोडी टाके घालून जोडली, म्हणजे डोळा लहान झाला आणि झाकण्यापुरता मिटू लागला. कोपऱ्यातली जखम हळूहळू भरली.

धाकटीने वाटी उकळत्या पाण्यात टाकली, वाकडी झाली, मग फेकली. आता दुकानातलं झाकण असतं, रात्रीपुरतं. सकाळी ते काढायचं काम दादाचं आणि तपासायचं धाकटीचं. ती खिडकीशी बसते, भिंग लावते, पापणी खाली ओढते. आधी ती फक्त अळ्या शोधायची. मग अळ्या नाहीत हे पक्कं झालं तरी तिला उठवेना. एवढा वेळ बाबांच्या डोळ्याकडे तिने कधीच बघितलं नव्हतं. त्याची काही गरजच पडली नव्हती.

एका सकाळी तिने भिंग ठेवलं आणि ब्रश घेतला.

"कुणाचं काम?" बाबा.

"तुमचं. डावा नवा करतेय."

"नको. चांगला चाललाय तो."

"त्याला तुमच्या वयाचा करते."

बाबांनी विचार केला. या विषयावर त्यांनी कित्येक वर्षं नाही म्हटलं होतं.

"करडा पातळ लाव," ते शेवटी म्हणाले. "आणि वरच्या बाजूला कडं तुटक आहे माझं. पूर्ण गोल काढशील, लोकांना अंगठी वाटेल."

*

बसवला त्या दिवशी ड्रायव्हर सहज म्हणून डोकावला होता. त्याने एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

"मास्तर, यातला खोटा कुठला?"

"तुझ्याकडे बघतोय तो खरा."

"दोन्ही बघतायत."

"मग काम झालंय," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून: "धाकटे, आत काहीतरी हलल्यासारखं वाटतंय."

धाकटीने हातातलं सगळं खाली ठेवलं. भिंग उचललं, दिवा ओढला आणि त्यांच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसली.

"कुठल्या?" ती म्हणाली. "दाखवा."

"डाव्यात. नवीन आहे," बाबा म्हणाले. "थांबेल."

"थांबेल की. पण बघते."

तिने बघितलं. डावा काढून बघितला, खोबण बघितली, मग उजवाही बघितला. काही नव्हतं. दोन्हींकडे काहीच नव्हतं. बाबा एवढा वेळ शहाण्यासारखे पडून राहिले.

*

वाटी पहिल्यांदा बसवली त्या दिवशी, चिकटपट्टी कापायच्या आधी, खिडकीतून एक माशी आत आली होती आणि पांघरुणावर, बाबांच्या गुडघ्याच्या उंचवट्यावर बसली होती. हिरवी, निळी, वळली की पुन्हा हिरवी. धाकटीने फडकं उचललं तेव्हा बाबा म्हणाले होते, "थांब, मारू नकोस. रंग बघू दे."